टाच, गुडघा आणि तुळजामावशी

भिवंडी,
२० सप्टेंबर २०२४

तुळजामावशी,

तुझं कानाचं यंत्र डबीतच असणार, म्हणून फोन न करता लिहितेय. मागच्या वेळी मी फोनवर "कशी आहेस" विचारलं आणि तू "वांगी नकोत" म्हणालीस. तेव्हाच ठरवलं की आपलं बोलणं पोस्टानेच बरं.

बातमी अशी की मी रायफल शूटिंग करते. हसून झालं की पुढे वाच.

आमच्या गल्लीच्या टोकाला लूमची एक बंद पडलेली शेड आहे. तिथे शूटिंगचा क्लब निघाला. दिवसभर फट्-फट् आवाज. मी तक्रार करायला गेले. तिथला कोच प्रितम, वय चोवीस, चेहरा त्याहून लहान. तो म्हणाला, "मॅडम, आधी एक शॉट मारून बघा, मग तक्रार करा." मी एक मारला. तक्रार राहून गेली, त्याला आता दीड वर्ष झालं. तुला कळवलं नाही, कारण आपल्या घराण्यात रायफल म्हटली की तू. पोलिसातली मेडलवाली मावशी असताना मी कुठल्या तोंडाने सांगणार?

आता सांगावंच लागतंय. डिसेंबरात मुंबईत राज्य स्पर्धा आहे. मी 'मास्टर्स' गटात आहे. ऐकायला भारी वाटतं, पण त्याचा अर्थ पंचेचाळिशी उलटलेल्या बायका एवढाच. तीन पोझिशनमध्ये मारायचं: गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने. झोपून आणि उभ्याने माझं बरं चाललंय. गुडघ्यावर मात्र मी पडते. म्हणजे मार्क पडत नाहीत असं नव्हे, मीच पडते. उजवा गुडघा जमिनीला, उजव्या टाचेवर बूड, डावा पाय उभा, त्याच्या गुडघ्यावर डावं कोपर आणि त्या हातावर रायफल. सांगायला किती सोपं. मागच्या रविवारी या सगळ्यासकट मी उजवीकडे कलंडले. रायफल प्रितमने झेलली. मला कुणी झेललं नाही.

तू तर याच पोझिशनचं मेडल घेतलंस. कसं बसायचं ते सांग ना.

तुझी,
सोनल

*

गणेशपुरी,
२८ सप्टेंबर २०२४

सोनल,

हसायला दोन दिवस लागले, म्हणून उत्तराला उशीर. शेजारच्या सीताबाईने येऊन विचारलं, कोण गेलं काय? मी हसताना रडल्यासारखी दिसते.

मेडलचं आधी ऐक, म्हणजे दबून जाणार नाहीस. त्या साली जिल्ह्यात आम्ही चार बायका रायफल धरणाऱ्या. एक बाळंतपणाच्या रजेवर, एकीची बस चुकली. राहिलो दोघी. दुसरीला चष्मा होता आणि तो घरी राहिला होता. माझी कीर्ती ती एवढीच. तुझ्या आईने ती गावभर वाढवली.

पण बसायचं कसं ते मला येतं. उस्ताद ओरडायचा, "घुटना टेक पोझिशन!" आणि आम्ही धपकन बसायचो. तू रायफल हाताने उचलून धरतेस, म्हणून पडतेस. हाताला भार देऊ नकोस. भार हाडाला दे. डाव्या पायाची नळी सरळ उभी ठेव, भिंतीसारखी. कोपराचं हाड गुडघ्याच्या वाटीवर टेकवलंस तर हाडावर हाड घसरणार. कोपर वाटीच्या जरा पुढे सरकव, म्हणजे दंडाचा सपाट भाग वाटीवर बसेल. पाठ ताठ. सगळं वजन मागे टाचेवर टाक आणि विसरून जा.

हे उगाच आठवून सांगत नाही. आत्ता ओटीवर तशी बसून पाहिली आणि मग लिहितेय. रोज सकाळी अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात गुडघे शेकते. ते तुझ्या गुडघ्यांपेक्षा तरुण आहेत.

तुळजा

*

भिवंडी,
१२ ऑक्टोबर २०२४

मावशी,

तू सांगितलंस तशी बसते. जागा मिळेल तिथे बसते. सकाळी गॅसवर दूध ठेवून बसले, तर उजवा पाय असा मेला की उठताच येईना. दूध उतू गेलं. दर्शन पेपर वाचत होता. म्हणाला, "उठवू की गोळी घालून मोकळं करू?" नवऱ्याला विनोद सुचतात, गॅस बंद करायचं सुचत नाही.

गोदामात जेवणाच्या सुट्टीत प्रेशर कुकरच्या खोक्यांमागे बसते. परवा फोर्कलिफ्टवाल्याने वाकून पाहिलं. "मॅडम, कुछ गिर गया क्या?" मी म्हटलं, "नहीं, प्रॅक्टिस है." त्याने इतर पोरांना काय सांगितलं देव जाणे. दुसऱ्या दिवशी तिथे कुणीतरी घडी करून पुठ्ठा अंथरून ठेवला होता. त्यांना वाटतंय मी नमाजासारखं काहीतरी आपल्यातलं करते.

आता पडत नाही, ही प्रगती. पण नवीन दुखणं सुरू झालंय. नेम धरायच्या साइटच्या कड्यातून बघते तर टार्गेट नाडीबरोबर उडतं. ठक, ठक. मला माझं हृदय दिसतं, मावशी, आणि ते फार घाईत असतं. प्रितम म्हणतो, "मॅडम, रिलॅक्स." शेहेचाळीस वर्षांच्या बाईला रिलॅक्स म्हणणं सोपं असतं. बाईने व्हायचं कसं ते कुणी सांगत नाही.

एक खरं सांगू? मला हे जमायला हवंय. गोदामात सकाळपासून "मॅडम, गाडी लागली, मॅडम, चलन कुठंय," घरी "सोनल, माझे मोजे". रायफल खांद्याला लागली की मला कुणी काही विचारत नाही. ती जागा मला सोडायची नाही.

कागदावरून कळत नाही गं. एखाद्या रविवारी येऊ का? तू बसून दाखव, मी बघते.

सोनल

*

गणेशपुरी,
२० ऑक्टोबर २०२४

सोनल,

येऊ नकोस. घरात रंगकाम काढलंय. नंतर दिवाळी, मग भातकापणी. सीताबाईकडे माणसं मिळत नाहीत, मला जावं लागतं. शिवाय माझं बघून शिकशील तर माझ्या खोडी उचलशील.

बघून नाही, डोळे मिटून शिकायचं असतं ते. पोझिशन घे, डोळे मिट, दोन श्वास सोड आणि उघड. रायफल टार्गेटपासून बाजूला गेली असेल तर हाताने ओढून आणू नकोस. हाताने आणलेली रायफल पुन्हा जिथली तिथे जाते. अख्खी तू सरक, बुडासकट. डोळे उघडल्यावर टार्गेट समोर आपसूक दिसेपर्यंत सरकत राहा. कंटाळा येईल. येऊ दे. नाडी उडते कारण रायफलचा पट्टा दंडावर फार वर आणि फार घट्ट बांधलायस. सैल कर.

सोबत एक पुडकं पाठवतेय. माझ्या जुन्या खाकी पँटचा लोड शिवलाय, आत भाताचं तूस भरलंय. घोट्याखाली घे. आमच्या वेळी लोडबिड नव्हते, आम्ही बुटाच्या टाचेवरच बसायचो. पण तुझं वजन सरकारी बुटाने पेललं नसतं.

तुळजा

*

भिवंडी,
१८ नोव्हेंबर २०२४

मावशी,

लोड अगदी बरोबर बसला. प्रितमने मापला, नियमात आहे. त्याला खाकी रंग फार आवडला. बाकीच्या पोरी मला आता 'हवालदार आंटी' म्हणतात.

काल निवड चाचणी होती. ऐकच. शूटिंगचं जॅकेट म्हणजे ताडपत्रीचा कोट असतो. तो घातला की मला मानही वळवता येत नाही, आणि खालची दोन बटणं लागत नाहीत ती वेगळीच. अशी मी गुडघ्यावर बसले. तू सांगितलंस तसे डोळे मिटले, श्वास सोडला, डोळे उघडले. टार्गेट बरोब्बर समोर. मनात म्हटलं, मावशीची विद्या फळली. गोळी मारली. दहा. आयुष्यात गुडघ्यावरून पहिला दहा. मी रडायच्या बेतात होते, तेवढ्यात पंच येऊन म्हणाले, "मॅडम, हे शेजारच्या लेनचं टार्गेट आहे."

शेजारची कॉलेजातली पोरगी भाविका. ती म्हणाली, "थँक्यू काकू." पण तो दहा तिलाही मिळाला नाही आणि माझे मार्क मात्र कापले गेले.

तरी निवड झाली, कारण तीन जागांना अर्ज तिघींचेच होते. बसणं तू सांगितलंस तसंच चाललंय, सगळं तसंच.

एक विचारते. रंगकाम, दिवाळी, भातकापणी हे खरं आहे का? का मला असं बसलेलं तुला बघवणार नाही म्हणून येऊ देत नाहीस? तसं असेल तर लिही. मला राग येणार नाही. मी स्वतःच आरशात बघत नाही.

सोनल

*

भिवंडी,
२५ नोव्हेंबर २०२४

मावशी,

मला राहवलं नाही. काल मी गणेशपुरीला येऊन गेले.

शेलार गावाच्या पुढे रस्ता असा आहे की एसटीतच माझी पोझिशन तीनदा बदलली. उतरले, तुझ्या घराच्या वळणावर आले. तू दारात होतीस, पाठमोरी. मी हाक मारली. तुला ऐकू आली नाही. मग तू दाराची चौकट धरून खाली बसलीस आणि ओटीच्या पायऱ्या बसून उतरलीस. एक पायरी, थांबणं, मग दुसरी. तान्हं पोर उतरतं तशी. अंगणात आल्यावर खांबाला धरून उभी राहिलीस आणि लुगडं झटकून इकडेतिकडे बघितलंस, कुणी पाहिलं का म्हणून. मी सीताबाईच्या कुडाआड झाले.

सीताबाई तिथेच होती. म्हणाली, "आता मी काय सांगू? डाक्टरनी दोनदा तारीख दिली, नवीन गुडघं बसवायला. ही गेलीच न्हाय. चार वर्सं झाली, खाली बसाया येत न्हाय तिला. कुंडावर पन मीच धरून नेतंय."

मी तशीच परत आले. समोर यायला हवं होतं. पण ज्या बाईने मला टाच कुठे ठेवायची ते कळवलं, तिला मी तसं उतरताना पाहिलंय हे तिच्या तोंडावर कसं सांगायचं, ते मला सुचलं नाही. म्हणून लिहितेय.

तू ओटीवर बसून बघून लिहितेस असं मला वाटत होतं. मी मूर्ख आहे, हे तुला ठाऊक आहेच. ऑपरेशन का करत नाहीस?

सोनल

*

गणेशपुरी,
१ डिसेंबर २०२४

सोनल,

पत्र वाचून आधी संताप आला. तीस वर्षं पोलिसात काढली आणि कुडाआड उभी असलेली एवढी मोठी बाई मला दिसली नाही. नंतर लाज वाटली. मग चहा केला.

सीताबाईने सांगितलं ते खरं आहे. का करत नाही ते तिला माहीत नाही. तिला वाटतं मी भिते. डॉक्टर मला म्हणाला, "आजी, चालाल, जिने चढाल, बाजारात जाल. फक्त यापुढे गुडघा टेकायचा नाही." मी म्हटलं बरं, आणि घरी निघून आले. दुसऱ्या वेळीही तेच.

आता हस. चार वर्षांत मी एकदाही गुडघा टेकलेला नाही. टेकता येतच नाही. पण गुडघा माझा आहे तोवर आज ना उद्या टेकेल असं वाटत राहतं. ज्या पोझिशनमध्ये मी बसत नाही ती जाऊ नये म्हणून मी पायऱ्या ढुंगणावर उतरते. दुसऱ्या कुणाचं असं ऐकलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

तुला कसं कळणार? मला लग्न, मूलबाळ काही नाही. खात्यात बदल्या, गाऱ्हाणी, बंदोबस्त. अख्ख्या नोकरीत एकच गोष्ट अशी होती की साहेब मागे उभे राहून गप्प बघायचे. मी टाचेवर बसले की जगाला माझी वाट पाहावी लागायची. तुझी पत्रं यायला लागली तेव्हा मी खुर्चीत बसून डोळे मिटायचे आणि एकेक हाड जागेवर ठेवायचे. टाच, नळी, कोपर. मग लिहायचे. तेव्हा दुखायचं नाही.

ऑपरेशनचं विचारू नकोस. स्पर्धेला मात्र येते. माझी पोझिशन मला एकदा समोरून बघायची आहे.

तुळजा

*

भिवंडी,
६ डिसेंबर २०२४

मावशी,

पंधराला पहाटे दर्शन गाडी घेऊन येईल. तो रस्त्यावरच थांबेल आणि तू हाक मारेपर्यंत ओटीकडे बघणार नाही. तसं त्याला सांगितलंय.

तू येऊ नयेस असंही वाटतंय. का ते तिथे कळेल.

सोनल

*

गणेशपुरी,
१८ डिसेंबर २०२४

सोनल,

परत येताना गाडीत मी गप्प होते. तुम्हा दोघांना वाटलं असेल की रागावले. विचार करत होते, आणि मला विचार आणि बोलणं एकदम जमत नाही.

आधी त्या प्रकाराची माफी मागते. तू बसलीस आणि मी बघितलं. डाव्या पायाची नळी सरळ नाही, पाऊल पार पुढे. कोपर वाटीच्या पुढे नाही, मागे, मांडीत रुतलेलं. पाठ तर पाठच नव्हती. गोदामात भिंतीला टेकवून ठेवलेलं पोतं. मी चाळीस वर्षं सांभाळलेल्यापैकी तू एकही गोष्ट करत नव्हतीस. मी मनातल्या मनात म्हटलं, "अगं, नळी सरळ कर." ते मनातल्या मनात नव्हतं असं नंतर कळलं. अख्ख्या रेंजने ऐकलं म्हणे. पंच धावत आले आणि त्यांनी तोंडावर बोट ठेवून दाखवलं. मी सवयीने सॅल्यूट ठोकला. तू ऐकलं नाहीस, तुझ्या कानांवर ते मोठे डबे होते. आपल्या घराण्यात एक बहिरी पुरेशी होती.

मग गप्प बसून बघत राहिले, आणि रायफलच्या नळीचं टोक मला दिसेना. म्हणजे दिसत होतं, पण हलत नव्हतं. मी त्याच्यामागच्या खांबाची कड धरून ताडून बघितलं. माझ्या ऐन उमेदीत माझं टोक इतकं स्थिर नव्हतं, हे मी लिहून देते. त्या पोत्यात रायफल अशी बसली होती की कुणी शिवून ठेवली असावी.

तू मला दोन महिने लिहीत होतीस, "तू सांगितलंस तसंच". आता उत्तर दे.

तुळजा

*

भिवंडी,
२३ डिसेंबर २०२४

मावशी,

ऑक्टोबर संपेपर्यंत मी खरोखर तू सांगितलंस तशीच बसत होते. पाठ ताठ, नळी सरळ. पण माझ्या पोटाला मधे कुठे जायचं ते कळेना. पाठ ताठ केली की कोपर पुढे पोचायचं नाही. पोचवलं की श्वास अडायचा. श्वास अडला की नाडी उडायची.

दिवाळीच्या आधी गोदामात गाड्या संपेनात. दोन शिफ्टची माणसं एकाच शिफ्टमध्ये. दुपारी मी खोक्यांमागे तुझा लोड टाकून बसले, ते प्रॅक्टिसला नाही, नुसतं बसायला. ताठ राहायचं त्राणच नव्हतं. अंग सोडून दिलं. पोट मांडीवर आलं, पाऊल आपोआप पुढे गेलं, कोपर जिथे पडलं तिथे पडलं. हातात कुंच्याचा दांडा होता. तो उगीच खांद्याला लावला. समोरच्या खोक्यावरच्या कुकरच्या चित्रात शिट्टी आहे ना, तिच्यावर त्याचा नेम गेला आणि तिथेच राहिला. डोळे मिटून उघडले, तरी तिथेच. तुझी डोळे मिटायची गोष्ट तेवढी मी सोडली नव्हती.

प्रितमला दाखवलं. तो म्हणाला, "मॅडम, दिसायला वाईट आहे, पण बदलू नका."

तुला कसं लिहिणार? तू खाकी पँट कापून लोड शिवलास. तुझं सगळं मोडून मी आपलं पोतं मांडलंय, असं कळवायचं होतं का? नंतर तुझ्या गुडघ्याचं कळलं, तेव्हा तर माझी जीभच उचलेना. तुझी पोझिशन मी तरी पुढे चालवतेय असं तुला वाटत असेल, तर वाटू द्यावं म्हटलं. म्हणूनच तू येऊ नयेस असं लिहिलं.

निकाल तुला अजून नीट सांगितला नाही. गुडघ्यावर माझ्या गटात दुसरी. झोपून चौथी. उभ्याने मात्र मी वर बघितलं तर तू पंचांना पुन्हा एकदा सॅल्यूट करत होतीस. त्यानंतरचं बोलण्यासारखं नाही. एकूण सातांत पाचवी. दर्शनने सोसायटीच्या ग्रुपवर "राज्यात पाचवी" एवढंच टाकलं, सात लिहिलं नाही. खालच्या मजल्यावरचे लोक पेढे मागायला आले.

मावशी, तू रागावली असशील तर तेही लिही.

सोनल

*

गणेशपुरी,
११ मार्च २०२५

सोनल,

रागावले नव्हते. तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण उत्तर म्हणून थेट दवाखान्यात दाखल झाले, हे तू पाहिलंसच. तिथल्या बाकड्यावर तू ज्या तऱ्हेने झोपायचीस ते बघून मला तुझ्या पोझिशनबद्दल आणखी आदर वाटला.

त्या दिवशी रेंजवर बसून मला वाटलं होतं की मी माझी पोझिशन बघायला आलेय. ती तिथे नव्हतीच. तुझी होती. माझी कुणाला देता येण्यासारखी नव्हती आणि राखून ठेवण्यासारखीही नव्हती. ती त्या वयाच्या त्या पोरीची होती, जी धपकन बसायची. तिचं तिच्याकडे राहू दे म्हटलं. एवढं कळायला मला मुंबईपर्यंत यावं लागलं. डॉक्टर दोनदा फुकट सांगत होता.

दोन्ही गुडघे आता नव्वद अंशांच्या वर वाकतात. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी येते. ती "आजी, रिलॅक्स" म्हणाली. मी तिला म्हटलं, हा शब्द मला आणि माझ्या भाचीला वर्ज्य आहे. पायऱ्या उभ्याने उतरते. पहिल्यांदा उतरले तेव्हा सीताबाई अंगणात भांडी घासत होती. तिने हातातलं पातेलं घासायचं थांबवलं. नंतर म्हणाली, "दिसली गो, दिसली," म्हणजे मी पुन्हा तिच्या कुडावरून दिसायला लागले.

गुडघा टेकायची इच्छा अजून होते. सकाळी ओटीवर उन्हात बसले की टाच शिवशिवते. होऊ दे.

आता कामाचं. प्रितमला विचारून कळव. मास्टर्सच्या वरच्या वयाचा गट असतो का? बहिऱ्या बाईला चालतं का? डबे लावल्यावर सगळेच बहिरे, त्यामुळे चालत असावं. रायफल क्लबची मिळेल ना? मला जमिनीवर आडवं करायला आणि परत उभं करायला दोन माणसं लागतील. दर्शन आणि प्रितम मिळून करतील. त्या दोघांना आधीच सवय करून ठेव, हवं तर एखाद्या पोत्यावर.

चाळीस वर्षं मी एकाच पोझिशनच्या मागे लागले होते, आणि परवा बिछान्यात पडल्या पडल्या माझ्या लक्षात आलं की झोपून मारायला गुडघा लागतच नाही.

तुळजा